फुकटचं नाणं

आमच्या नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या सोसायटीत तळमजल्यावर मुस्तफा राहतो. घराणं मूळचं देवगडकडचं, घरात दीड दिवसाचा गणपती, दाराच्या पाटीवर नाव-आडनाव अगदी शुद्ध कोकणस्थ वळणाचं; पण सोसायटीतलं शेंबडं पोरही त्याला मुस्तफाकाकाच म्हणतं. कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ नावाचा खेळ काढला. एवढं लांबलचक नाव आपल्याकडच्या पोरांनी कधी घेतलंच नाही. त्यात निवडायला चार जण असतात. त्यांतला पिवळ्या टोपीचा, धावत येऊन उडी मारून लाथ घालणारा मुस्तफा सगळ्यांना आवडला आणि खेळाचंच नाव मुस्तफा पडलं. वडापावच्या गाडीमागे, पडदा लावलेल्या अंधाऱ्या गाळ्यात, घामाच्या आणि बिडीच्या वासात हा खेळ चालायचा. आमचा मुस्तफा शाळेला दांडी मारून तिथे सापडला, वडिलांनी कान धरून तुळिंज रोडने घरापर्यंत मिरवत आणला, तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलं.

आता पन्नाशीकडे झुकलेला हा गृहस्थ फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब तपासतो. संध्याकाळी विरार लोकलमधून नालासोपाऱ्याला स्वतःला बाहेर फेकून घेतो, शेअर रिक्षाने घरी येतो, पाय धुतो आणि कॉम्प्युटर लावतो. जपानी मशिनांतले हजारो खेळ त्याच्या हार्डडिस्कवर आहेत. त्यातला एक लावतो. सुरुवातीची धून ऐकतो, मान डोलावतो, दोन गुंड लोळवतो आणि बंद करतो. मग दुसरा लावतो. एखाद्या माणसाने घरभर हार्मोनियम जमवाव्यात आणि रोज नुसते भाते तपासावेत, तसा हा प्रकार आहे.

त्याला खेळायचं नसतंच. मशीन हुबेहूब झालं की नाही, एवढंच बघायचं असतं. त्या गाळ्यातल्या लाकडी खोक्यात एक सर्किट बोर्ड असायचा. त्यावर मोटोरोलाची ६८००० ही मुख्य चिप, आवाजासाठी वेगळी झेड-८०, आणि खेळ साठवलेल्या रॉम चिपा. निकोला साल्मोरिया नावाच्या इटालियन माणसाने फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा प्रोग्रॅम आणला. तो घरच्या कॉम्प्युटरला त्या चिपांचं सोंग आणायला लावतो. सुरुवातीला पॅकमॅनच्या जातकुळीतले मोजके खेळ चालायचे, आता हजारो चालतात. मुस्तफाने तो पहिल्यांदा पाहिला सायबर कॅफेत. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडीत होता. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर डायनासोर अर्धशिशी झाल्यासारखे चालायचे. तरी आमचा गडी तासाचे पैसे भरून बघत बसायचा.

या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बहुधा दर महिन्याला येते. वहिनींना ती तारीख संकष्टीइतकी पाठ आहे, कारण त्या रात्री जेवण गार होतं. नवी आवृत्ती घातली की कालपर्यंत चालणारे काही खेळ बंद पडतात. कुणीतरी जुन्या बोर्डातली चिप अधिक नीट वाचलेली असते, त्यामुळे आपली फाइल खोटी ठरते. पडद्यावर ‘फाइल सापडली नाही’ असं आलं की मुस्तफाच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं, ते चाललेल्या खेळाने कधी येत नाही. मग वंशावळ निघते. पॅकमॅन ही अमेरिकेत गेलेली शाखा. मूळ पुरुष म्हणजे १९८०चा जपानी ‘पक मॅन’. काही वेळा शाखा चालायला मूळ पुरुषाची फाइल शेजारी लागते. ‘किंग ऑफ फायटर्स’ला नुसतं स्वतःचं असून भागत नाही, सोबत निओ-जिओची बायोस फाइल हवी. हे तो मला जिन्यात उभं करून सांगतो आणि मीही सोयरिकीची बोलणी ऐकावीत तसा ऐकतो. या फाइली मुळात कुणाच्या मालकीच्या, असा प्रश्न मी एकदा विचारला. तेव्हा त्याला नेमकी पाण्याची मोटर लावल्याची आठवण झाली. वर परत आल्यावर एवढंच म्हणाला, “मुस्तफा घरी खेळायला त्यांनी तेव्हा विकला कुठे होता? विकला असता तर घेतला असता.” घेतला नसता, हे त्यालाही माहीत आहे.

काही चिपा कुलूपबंद असतात. त्या फोडायला लोक वरचं कवच ॲसिडने उतरवतात आणि आतली नक्षी सूक्ष्मदर्शकाखाली वाचतात. हे त्याने जेवताना कौतुकाने सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहिनींनी संडासाची ॲसिडची बाटली माळ्यावर, पितळी भांड्यांच्या मागे ठेवली.

सोसायटीच्या सभेत लिफ्टच्या बॅटरीचा विषय होता. खर्च कोणी करायचा यावर तिसरा मजला आणि पहिला मजला एकमेकांवर धावून जात होते. मुस्तफा उठला. आपला माणूस आता हिशेबाचं बोलेल, म्हणून सगळे गप्प झाले. तो म्हणाला, “बॅटरीला हलक्यात घेऊ नका. कॅपकॉमच्या सीपीएस-टू बोर्डात खेळ उघडायची किल्ली बॅटरीवर जिवंत असते. बॅटरी मेली की किल्ली गेली, बोर्ड कायमचा मुका. २००७ साली लोकांनी ते कुलूप गणिताने सोडवलं म्हणून वाचलो आपण.” कोण वाचलं, हे सेक्रेटरींनी विचारलं नाही. लिफ्टचा विषय मात्र पुढच्या सभेवर गेला.

घरच्यांचा छळ निराळाच. पॅकमॅन, गॅलागा, १९४२ या खेळांत मूळ मशीनचा पडदा उभा असायचा. म्हणून मुस्तफाने मॉनिटर कुशीवर उभा करून ठेवला. मुलीला ऑफिसची एक्सेल शीट करायची असते. तिला मॉनिटर फिरवायची परवानगी नाही, त्यामुळे ती मान कलती करून बेरजा करते. भंगारवाल्याकडून एक जुना काचेचा जाडजूड मॉनिटरही आणलाय, कारण गाळ्यातल्या पडद्यासारख्या खऱ्या रेषा त्यावरच दिसतात. पावसाळ्यात तुळिंज रोडला पाणी भरलं की घरातली पहिली वस्तू पलंगावर चढते ती हा मॉनिटर, मग तांदूळ. नव्या मॉनिटरवर तेच सुख मिळावं म्हणून तो फिल्टर लावून चांगलं स्वच्छ चित्र धुरकट करतो. दांडा जपानी सान्वा कंपनीचा मागवला. त्याला आठ दिशा, आणि पॅकमॅनला चारच हव्यात, म्हणून दुसरा मागवला. सुताराकडून प्लायचं खोकं करून घेतलं. सुताराने कडेने सनमायका लावला, तर याने तो सोलून काढला. गाळ्यात सनमायका नव्हता.

पण त्याचा खरा कस लागतो तो नाण्यात. मेममध्ये पाचचं बटण दाबलं की नाणं पडतं. कितीही दाबा, कुणी मागत नाही. मुस्तफा एकदाच दाबतो. गाळ्यात रुपयाला एक डाव होता. तेव्हा हा पोरगा दुसऱ्या पातळीच्या कसायापाशी मेला की मागे उभा राहून दुसऱ्यांचं बघायचा. ती सवय काही जात नाही. तीन जीव संपले, पडद्यावर आकडे उलटे मोजले जाऊ लागले की हात पाचच्या बटणाजवळ जातो, थबकतो आणि तो मशीन बंद करतो. “आजचा झाला,” म्हणतो. दुसऱ्यांच्या व्हाउचरांवर सही करायला जन्मल्यासारखा हा माणूस, फुकटच्या नाण्यालाही मंजुरी देत नाही.

गेल्या दिवाळीत वरच्या मजल्यावरचा पोरगा आला. “काका, मुस्तफा लावा ना.” लावला. पोराने पाचचं बटण दाबलं, तीन जीव घालवले, परत दाबलं. परत. मुस्तफा खुर्चीच्या पाठीला धरून उभा.

“किती टाकलेस?”

“काय?”

“नाणी.”

“काका, फुकट आहे ते.”

पोरगा दाबतच होता. कॅडिलॅक गाडी चालवून झाली, जंगल झालं, राक्षसी सरडे झाले. मुस्तफाचे ओठ हलत होते, तो रुपयाने बेरीज करत होता हे मला कळलं, कारण मध्येच तो पुटपुटला, “एवढ्यात सायकल आली असती.” आठवी पातळी आली. त्या गाळ्यात इथवर कुणी पोचलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टर फेसेंडन नावाचा शेवटचा बॉस निघाला, त्याने रूप पालटलं, पोरगं नाण्यांच्या जोरावर भिडलं आणि तो बॉस पडला. हातात झारा घेऊन वहिनीही दारात येऊन उभ्या राहिल्या. स्फोट सुरू झाले.

मुस्तफा पुढे वाकला, कान स्पीकरला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“आवाज मागे पडतोय,” म्हणाला आणि त्याने एफ-थ्री दाबला.

पडदा काळा झाला. खेळ पहिल्यापासून सुरू झाला. पोरगं तोंड उघडं ठेवून बघत राहिलं.

“अहो, शेवट तरी बघू द्यायचा होतात त्याला!” वहिनी म्हणाल्या.

“शेवट कुठे पळून जातोय?” टॅब दाबून मेनू उघडत मुस्तफा म्हणाला. “फाइलीत आहे तो.”