सगळे डबे एकाच रुळावर

भिलाई-३च्या मार्शलिंग यार्डातला हिशेब साधा: डबा कुठे जाणार ते बघायचं आणि त्या रुळावर ढकलायचा. संगणकातलं हॅश टेबल तसंच: माहितीचा प्रत्येक तुकडा म्हणजे डबा, आणि त्याचा रूळ एक सूत्र ठरवतं. आता कुणी खोडसाळपणे हजारो डब्यांवर एकाच रुळाची चिठ्ठी चिकटवली, तर बाकीचे रूळ रिकामे आणि हा एक तुंबलेला. नवा डबा आधीच्या प्रत्येकाशी ताडून बघता बघता सर्व्हर मान टाकतो.

ही युक्ती २००३ सालीच जाहीर झाली होती. पर्ल या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांनी तेव्हाच रूळ ठरवायचं सूत्र दर वेळी बदलतं ठेवलं. बाकीचे बरेचसे घोरत राहिले, ते डिसेंबर २०११ मध्ये बर्लिनच्या हॅकर परिषदेत पुन्हा ढोल वाजेपर्यंत. मग जानेवारी २०१२ मध्ये पीएचपी या वेबसाइटांच्या भाषेची ५.३.९ आवृत्ती आली. यार्ड तेच, फक्त फाटकावर पाटी: एका खेपेला हजारच डबे. गंमत म्हणजे त्या ठिगळालाच भोक! त्यातून परका माणूस सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकत होता. त्यापेक्षा तुंबणं परवडलं असतं. फेब्रुवारीत लगेच ५.३.१०, म्हणजे ठिगळावर ठिगळ.

आमच्या ओळखीच्या एका हापिसात मात्र असला उतावीळपणा नाही. अपडेटची सूचना रोज येते, बाबू रोज ती बंद करतात. विचारलं तर म्हणाले, "भाऊ, चल रहा है ना? तो छूना मत." सर्व्हरचा पासवर्ड ठाऊक असलेले साहेब तसेही निवृत्त झालेत.