वापरा आणि फेका

जोडलेलं कनेक्शन उघडं ठेवा, पुढच्या विनंतीलाही तेच वापरा, हे एचटीटीपी १.१ ने १९९७ सालीच सांगून ठेवलं होतं.

डॉटनेटमधले शिस्तप्रिय प्रोग्रॅमर मात्र प्रत्येक विनंतीला नवा एचटीटीपीक्लायंट जन्माला घालतात आणि काम झालं की ‘डिस्पोज’ करून हात झटकतात. चहाच्या प्रत्येक कपाला नवी शेगडी! बंद झालेलं कनेक्शन आपला पोर्ट अडवून ‘टाइम-वेट’मध्ये रेंगाळतं, विंडोजवर पूर्वापार चार मिनिटं. तात्पुरते पोर्ट मुळात १६,३८४. गर्दीत ते संपतात आणि मंजुरी मिळते ती नव्या सर्व्हरच्या खरेदीला.

एखादा शहाणा एकच क्लायंट कायमचा ठेवतो. मग डीएनएसमधला पत्ता बदलला, तरी स्वारी जुन्याच दारात उभी.

शेवटी २०१८ मध्ये डॉटनेट कोअर २.१ ने क्लायंट बनवून देणारी फॅक्टरी दिली. तिच्यातले, प्रत्यक्ष कनेक्शन सांभाळणारे हँडलर पुन्हापुन्हा वापरले जातात आणि साधारण दोन मिनिटांनी बदलले जातात.