अठ्ठावीस पाय

घोड्याची मान कुणालाही जमते. आयाळ तर फारच सोपी, पेन्सिल सैल सोडली की ती आपणहून वाऱ्यावर उडायला लागते. शेपटीवर नवशिका माणूस सुखाने अर्धी दुपार काढतो, कारण तेवढा वेळ त्याला पायांकडे जावं लागत नाही. पण कधी ना कधी जावं लागतंच. घोड्याला पाय चार असतात आणि चौघांची तोंडं चार दिशांना असतात.

म्हणून मोठ्या जाऊबाईंनी मला सात घोडे काढायला सांगितले, तेव्हा हयातभर बँकेत राबलेल्या माझ्या डोक्याने आधी पाढा म्हटला. सात चोक अठ्ठावीस.

निवृत्त झाल्यावर लोक गीतेच्या वर्गाला जातात, भजनी मंडळ धरतात, केरळ-राजस्थान करून येतात. मी घोडे काढायला घेतले. म्हणजे पुन्हा घेतले, कारण शाळेत माझ्या प्रत्येक वहीचं शेवटचं पान हा तबेला होता. आमच्या पिढीच्या मराठी मुलांना घोडा काढावाच लागे, महाराजांना बसायला काहीतरी हवं ना! वर्गातली मुलं जिरेटोपावर आणि दाढीवर जीव ओतायची आणि घोडा उरकायची. माझं उलट. मी घोड्यातच इतकी रमायचे की तास संपायचा आणि महाराज गडावरच राहायचे. मग दहावी झाली. ‘चित्रं काढून पोट भरतं का?’ हे घरात विचारलं गेलं ते प्रश्न म्हणून नव्हे, निकाल म्हणून. कॉमर्स आलं, बँक आली, आणि मधली सगळी वर्षं मी हाताने रेघा मारल्या त्या फक्त चेकच्या कोपऱ्यात, दोन तिरप्या.

जाऊबाईंची मागणी मोघम नव्हती. सातच हवेत. पांढरे हवेत. धावणारे हवेत, पण पळून जाणारे नकोत. सगळ्यांची तोंडं घराच्या आत. एकानेही मागे वळून बघता कामा नये. लगाम नको, खोगीर नको, स्वार तर नकोच. त्यांच्या वास्तुवाल्याने हे सगळं कागदावर लिहून दिलं होतं आणि तो कागद देवघरात ठेवलेला होता.

“वहिनी, अहो, तयार मिळतं ना हे बाजारात,” मी म्हटलं.

“त्यात जीव नसतो गं. आणि घरचं माणूस असताना बाहेर कशाला? फुकट नको मला, घोड्यामागे पाचशे देईन.”

बाजारातलं ते तयार चित्र मी नीट पाहून आले. तुम्हीही पाहिलंय. दातांच्या दवाखान्यात असतं, बिल्डरच्या ऑफिसात असतं, नव्या फ्लॅटमध्ये सोफ्याच्या वर असतं. सात पांढरेशुभ्र घोडे समुद्राच्या पाण्यातून दौडत येताहेत आणि मागे सूर्य. मी बघितलं ते पाणी. गुडघ्यापर्यंत फेस! अठ्ठावीसपैकी एक खूर दिसेल तर शपथ. तो चित्रकार नक्की आमच्या सरांच्या हाताखालून गेला असणार.

आमचे ड्रॉइंगचे सर एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवायचे. आता त्या ग्रेडचे दहावीला जादा गुण मिळतात म्हणे. आम्हाला नुसतं प्रशस्तिपत्रक मिळायचं, ते आई लोखंडी कपाटात साड्यांखाली ठेवायची. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती या पेपरांना सर शिस्तीने शिकवत, पण स्मरणचित्राला त्यांच्याकडे एकच मंत्र होता: जे जमत नाही त्याच्यापुढे काहीतरी उभं करा. हात जमत नाहीत? माणसाच्या हातात पिशवी द्या. चेहरा जमत नाही? पाठमोरा करा. विषय ‘टांगा स्टँड’ आला तर घोड्याच्या पायांपुढे हाराची पाटी घेऊन बाई बसवा, आणि बाई जमत नसेल तर गवत. मी टांगा स्टँडवर इतकं गवत उगवलं होतं की परीक्षकांना ते कुरण वाटलं असावं. ‘ब’ ग्रेड मिळाली. पुढे कर्जविभागात साहेबांच्या तपासणीआधी याच मंत्राने काही फायली पार पडल्या, पण तो विषय वेगळा.

आता या वयात मात्र ठरवलं की गवत घालायचं नाही. घोड्याला डांबरी रस्त्यावर उभा करायचा आणि काय होईल ते होऊ द्यायचं. त्यासाठी ग्रंथालयातून घोड्याच्या शरीररचनेचं पुस्तक आणलं आणि पहिल्याच रात्री झोप उडाली.

घोड्याचा पुढचा गुडघा हा गुडघा नाहीच. ते मनगट आहे. मागच्या पायात मागच्या बाजूला जो कोपरा निघालेला दिसतो, ज्याला मी जन्मभर ‘उलटा गुडघा’ समजले, ती टाच. खरा गुडघा वर पोटाला चिकटून, कुणाला दिसणार नाही असा बसलेला. आणि खूर म्हणजे पाऊल नव्हे, एका बोटाचं नख. चार-पाचशे किलोंचा हा प्राणी चार मधल्या बोटांच्या नखांवर उभा राहतो, त्या नखांवरच दौडतो, आणि वर आपण बसतो. त्याहून कहर म्हणजे पुढचे दोन्ही पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. गळपट्टीचं हाडच नाही. छाती दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर तोललेली.

मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याचे गुडघे गेली काही वर्षं कुरकुर करताहेत. तो म्हणाला, “म्हणजे घोड्याला हा त्रासच नाही. भाग्यवान.”

या पायांच्या मागे माणसं किती लागली होती हे वाचलं की आपण किरकोळ वाटतो. इंग्लंडमधला जॉर्ज स्टब्ज हा चामडं कमावणाऱ्याचा मुलगा. 1756 च्या सुमाराला त्याने हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात एक शेतघर घेतलं, तिथे मेलेले घोडे कप्प्यांनी छताला टांगले आणि एकेक थर सोलत, प्रत्येक थराचं चित्र काढत 18 महिने काढले. पुस्तक निघालं 1766 मध्ये, आणि तांब्यावरचं कोरीवकामही त्याला स्वतःच करावं लागलं. या सगळ्यात मेरी स्पेन्सर नावाची बाई त्याच्या सोबतीला होती. इतिहासाने मान स्टब्जला दिला; मी मेरीबाईंना देते. आमच्याकडे रंगाची एक बशी जेवणाच्या टेबलावर राहिली तर दोन दिवस तो विषय चालतो. आणि आमच्या सोसायटीत तर कबुतरांना दाणे टाकायचीही बंदी आहे, तेव्हा स्टब्जचा मार्ग मला तसाही बंदच.

याच स्टब्जने पुढे व्हिसलजॅकेट नावाच्या शर्यतीच्या घोड्याचं चित्र काढलं. ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जवळजवळ खऱ्याएवढा घोडा, मागच्या पायांवर उभा, आणि मागे काही नाही. झाड नाही, आकाश नाही, गवताची एक काडी नाही. आमच्या सरांनी त्याला ‘चित्र अपुरे’ असा शेरा मारून परत पाठवला असता.

उभा घोडा कसाबसा आवाक्यात आला. पण जाऊबाईंना धावणारे हवे होते. धावता घोडा पुण्याच्या पेठेत कुठे बघायचा? मग मी मोबाइलवर वारीतलं रिंगण लावलं. माउलींचा अश्व आणि स्वाराचा अश्व गोल धावतात, टाळांचा गजर, आणि घोडे गेले की त्यांच्या टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड. मी भक्तिभाव बाजूला ठेवून, चारही पाय हवेत असतील असा क्षण पकडून व्हिडिओ थांबवला. पडद्यावर काय, तर चारही पाय पोटाखाली गोळा झालेले. पाय पुढे-मागे ताणून बाणासारखा सुटलेला घोडा कुठेच नाही. मला वाटलं मोबाइल अडकला.

मोबाइल ठीक होता. 1878 मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज नावाच्या छायाचित्रकाराने धावपट्टीच्या कडेला ओळीने कॅमेरे मांडून, घोड्याच्या वाटेत दोरे ताणून हेच टिपलं होतं. खर्च लीलंड स्टॅनफर्ड या रेल्वेवाल्या धनाढ्याचा, घोडेही त्याचेच. भरधाव घोडा पूर्ण हवेत असतो हे खरं, पण तेव्हा पाय पोटाखाली असतात. पाय पसरलेले असताना एखादा तरी खूर जमिनीवर असतोच. म्हणजे त्याआधी शेकडो वर्षं थोरथोर मंडळींनी रंगवलेले ते उडते घोडे सगळे चूक. पॅरिसच्या लूव्रमध्ये जेरिकोने 1821 मध्ये रंगवलेली एप्सम डर्बीची शर्यत आहे. तिच्यातला एकही घोडा जमिनीला शिवत नाही. आणि ती शर्यत बघताना छातीत धडधडतं! मी पोटाखाली पाय घेतलेला, शास्त्रशुद्ध घोडा काढला, तर नवरा म्हणाला, “याला थंडी वाजतेय का?” शिल्पकार रोदँने तर सरळ जेरिकोची बाजू घेतली होती. त्याचं म्हणणं, खोटं बोलतो तो फोटो, कारण काळ असा कधी थांबत नाही. नवऱ्याला रोदँ सांगितला तेव्हा तो म्हणाला, “बघ, मी तेच म्हणत होतो.”

धीर देणारेही होते. नणंदेचा मुलगा म्हणाला, “मामी, मॉडर्न म्हणून खपवा. हुसेनचे घोडे तरी कुठे खऱ्यासारखे असतात?” हे फार जण म्हणतात आणि ते साफ खोटं आहे. हुसेन जन्मले पंढरपुरात, मुंबईत उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंगं रंगवली. चाळीस फुटी होर्डिंगवर गवत घालून भागत नाही. त्यांच्या घोड्यांच्या माना पिळवटलेल्या असतील, पण मनगट मनगटाच्या जागी आणि टाच टाचेच्या जागी असते. त्यांनी पाय मोडले ते जोडता येत होते म्हणून. माझे न विचारता मोडतात.

शेवटी वही घेऊन माथेरान गाठलं. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत, त्यामुळे घोडे तिथे हौसेसाठी नाहीत, कामावर आहेत. एका बदामी घोड्यासमोर दगडावर बैठक मारली. घोडा उभ्याउभ्या पेंगत होता. पेंगताना तो मागचा एक पाय सैल सोडतो, खुराचं टोक तेवढं जमिनीला टेकवतो, आणि त्या बाजूची कंबर खाली उतरते. खांद्यावर माशी बसली की तिथलीच, तेवढीच कातडी थरथरते, बाकी घोड्याला पत्ता नाही. थोड्या वेळाने त्याने दमून भार दुसऱ्या पायावर घेतला आणि माझं चित्र अर्ध्यावर खोटं पडलं.

घोडेवाला मागे उभा राहून बघत होता. शहरात लोक चित्र पाहून ‘छान’ म्हणतात आणि चहाकडे वळतात. हा म्हणाला नाही. मान तिरकी करून त्याने बराच वेळ पाहिलं.

“ताई, हा मागच्या डाव्यात लंगडतोय.”

मी म्हटलं, तो उभा आहे.

“उभा आहे, पण पाय टाकला की लंगडणार. आणि याचं पोट दुखतंय.”

“पोट?”

“मान वळवून पोटाकडं बघतोय ना? घोडा असा बघायला लागला की आम्ही डॉक्टरला फोन लावतो.”

मान मी डौलासाठी वळवली होती. ते मी बोलले नाही. त्याने खऱ्या घोड्याच्या पायावरून मागच्या बाजूने हात फिरवत खाली नेला, तर पेंगणाऱ्या प्राण्याने निमूटपणे खूर उचलून त्याच्या हातात दिला. तळव्यात लाल माती विटेसारखी दाबून बसली होती. लोखंडी आकडीने त्याने ती खरवडली. मधून जांभ्याचा एक खडा निघाला, नालेच्या आतली कड दिसली, मधोमध रबरासारखा त्रिकोणी भाग. “इथं भार येतो बघा,” म्हणून त्याने बोटाने दाबून दाखवलं. मग खूर सोडून हात पँटला पुसले आणि माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, “याला चार दिवस आराम द्या, कामाला लावू नका.”

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला होता. लंगडा का होईना, पोटदुखीचा का होईना, तो त्याला घोडा वाटला होता! त्याच्यावर इलाज सुचवला गेला होता.

घरी आल्यावर जाऊबाईंचं चित्र मांडायला घेतलं. घोडे एकमेकांच्या आड उभे केले की पाय कमी होतात, हा हिशोब मला बँकेमुळे चटकन सुचला. मागच्या घोड्यांचे बरेचसे पाय पुढच्यांच्या पोटाखाली निर्लेखित करून टाकले, तरी देणं उरलंच. पाणी घातलं नाही. गवत घातलं नाही. पाय जेरिकोचे ठेवावेत की मायब्रिजचे, यावर नवरा आणि मी दोन संध्याकाळी भांडलो. शेवटी पुढचे जेरिकोचे आणि मागचे मायब्रिजचे असा समझोता झाला. सगळी तोंडं आतल्या बाजूला. कुणीही पोटाकडे बघत नाही, हे मी भिंग घेऊन तपासलं. सातव्याच्या मनगटापाशी मात्र माझं डोकं आणि कागद दोन्ही भोकं पडायच्या बेताला आले, तेव्हा खोडरबर ठेवून दिला आणि चित्र फ्रेमला दिलं.

जाऊबाईंनी ते दक्षिणेच्या भिंतीवर लावलं, दोन पावलं मागे सरकल्या, चष्मा वर केला, आणि बोटाने मोजायला लागल्या. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून.

“अगं, हे सहाच आहेत. सातवा कुठाय?”

“तो सगळ्यांत पुढे होता वहिनी,” मी म्हटलं. “तो आत येऊनसुद्धा गेला.”

जाऊबाईंनी मागे स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग पर्समधून नोटा काढून मोजल्या.

“तीन हजार देते. आलेल्याचे पैसे तो दिसल्यावर.”