याईरचा खोळंबा

"वहिनी, काल महिला मंडळातून लवकर गेलात. बायबलातल्या याईरच्या मुलीवरून केवढी जुंपली नंतर!"

"अगं बाई! कुणाकुणाची?"

"ती कोपऱ्यातल्या घरची सून नाही का, कॉलेजात शिकवते ती. म्हणाली, मत्तयाच्या शुभवर्तमानात बाप येशूकडं येतानाच सांगतो की लेक आत्ताच गेली. मार्कात सांगतो, शेवटच्या घटका मोजतेय. मग खरं कुठलं धरायचं?"

"पाळकसाहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, मत्तयानं गोष्ट आटोपती घेतली. ते आहेच, मार्कात 23 वचनं, मत्तयात 9. याईरचं नावसुद्धा नाही तिथं, नुसता एक अधिकारी. पण आटोपती घेतली की बापच बदलतो हो! मत्तयाचा बाप मेलेल्या लेकीवर हात ठेवायला बोलावतो. केवढी छाती! मार्कचा बाप येतो तेव्हा लेकीत जीव आहे, एकेक क्षण मोलाचा. आणि वाटेत ती 12 वर्षं रक्त जाणारी बाई. येशू थांबतो, विचारतो, मला कोण शिवलं? शिष्य म्हणतात, एवढ्या रेटारेटीत काय विचारता? आणि याईर तिथंच उभा."

"मला तर त्या बाईचा रागच आला असता."

"याईरला आला का, ते कुणीच लिहिलेलं नाही. तेवढ्यात घरून निरोप येतो, लेक गेली, आता गुरुजींना कशाला त्रास? तिथून पुढं त्याला चालत घरी जायचंय, येशूच्या एका शब्दावर. मत्तयाच्या बापाला हा खोळंबा सोसावाच लागत नाही. म्हणून तिन्ही वृत्तांत एकत्र कालवू नयेत असं मला वाटतं. ज्यानं त्यानं आपला बाप ओळखावा. मी मार्कवाली."

"आणि लूक?"

"लूक लगेच सांगून टाकतो, मुलगी एकुलती एक, 12 वर्षांची. मार्क वय सांगतो ते पार शेवटी, येशूनं जिवंत केलेली ती उठून चालायला लागल्यावर. पण लूकची खरी गंमत त्या बाईपाशी आहे. मार्क सरळ लिहितो, वैद्यांच्या हातून तिचे हालच झाले, होता नव्हता पैसा गेला, दुखणं उलट वाढलं. लूक नुसतं म्हणतो, कुणाकडूनच गुण आला नाही."

"तो स्वतःच वैद्य ना?"

"पौलानं कलस्सैकरांच्या पत्रात म्हटलंय तसं. आता धंदेबंधूंची उणीदुणी कोण काढणार? अर्थात हा माझा तर्क. पाळकसाहेबांना नका सांगू."

"बरं, येशू मुलीला खायला द्या म्हणाला, ते कुठं आहे?"

"मार्कात आणि लूकात. मत्तय जेवणाचं नावच काढत नाही. त्याच्याकडं बासरीवाले आहेत, मयताच्या घरी बोलावलेले. ते बाकी दोघांकडं नाहीत. आणि शेवट बघा. मार्क-लूक म्हणतात, कुणाला सांगू नका अशी ताकीद दिली. मत्तय म्हणतो, बातमी सगळ्या प्रांतात पसरली."

"मग फोडली कुणी?"

"त्या बासरीवाल्यांनीच, दुसरं कोण! बिदागी बुडालेली माणसं गप्प बसतात होय?"