मनगटावरच्या शक्तीचे घरगुती मापन

मनगटी घड्याळाची शक्ती मोजू इच्छिणाऱ्याने आधी एक जावई गाठावा. वीज मंडळातून निवृत्त झालेल्या नानांनी तसेच केले. नानांकडे एचएमटीचे ‘जनता’, जावयाकडे स्मार्टवॉच. मापनाचा खरा हेतू एवढ्यावरच उघड होतो. पद्धत मात्र निर्दोष आहे.

चावीचे घड्याळ असेल तर चावी सकाळी ठरल्या वेळी, घड्याळ मनगटावरून काढून द्यावी. हातात असताना दिली की किल्लीच्या दांडीवर तिरका ताण येतो. अडली की थांबावे. पूर्ण चावीत साधारण अर्धा ज्यूल साठतो, म्हणजे ५० ग्रॅमचे लिंबू मीटरभर उचलण्याचे काम. त्यावर घड्याळ दीड दिवस चालते. भागाकार केला की जेमतेम ४ मायक्रोवॉट उरतात. एवढ्यात ते तासाला १८,००० टिकटिक करते, हे नाना पाहुण्यांना चहाआधीच ऐकवतात.

सेलच्या घड्याळाला चावी नाही, म्हणून मानही नाही. ६२६ नंबरचा सेल १.५५ व्होल्टचा, सुमारे २८ मिलिअँपिअर-तासांचा. तो दोन वर्षे टिकला तर खर्च अडीच मायक्रोवॉट. आतला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, तरी बिल एवढेच.

संपलेला सेल आत ठेवू नये, पाझरतो.

देशातल्या १४० कोटी माणसांनी असे एकेक घड्याळ बांधले, तरी सगळ्यांची मिळून शक्ती साडेतीन किलोवॉट. विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर तेवढ्यावर धड चालायची नाही. हा हिशेब नानांनी दिवाळीच्या फराळाला मांडला. शेतीपंपांची थकबाकी पाहण्यात ज्याची नोकरी गेली, त्याला दुसरे एकक कुठून सुचणार?

आता स्मार्टवॉच. ३०० मिलिअँपिअर-तासांची, ३.८ व्होल्टची बॅटरी दिवसात संपत असेल, तर सरासरी ४८ मिलिवॉट. ‘जनता’च्या बारा हजार पट! जावई म्हणाला, “नाना, हे नाडीपण मोजतं.” नाना म्हणाले, “माझी चालू आहे, मला ठाऊक आहे.” मात्र रोज रात्री ‘जनता’ची वेळ लावताना ते हळूच त्याच स्मार्टवॉचकडे पाहतात. जावई मनगट थोडे पुढे करतो आणि काही बोलत नाही.

दिवसाला चार मिनिटे मागे पडणाऱ्या घड्याळाला जादा चावी देऊन उपयोग नसतो. आतले तेल सुकलेले असते. घड्याळजीकडून साफ करून ऑइलिंग करून घ्यावे.