अर्धेकाका

बुद्धिबळाची स्पर्धा तुमसरला असो की साकोलीला, मंगल कार्यालयाच्या दारात पहिली स्कूटर अर्धेकाकांचीच. खरं आडनाव वेगळं. पण पाच फेऱ्या, पाच बरोबऱ्या, अडीच गुण, हा रतीब वर्षानुवर्षं घातल्यावर दुसरं काय नाव पडणार?

पांढरी मोहरी आली की काकांची रुई लोपेझ ठरलेली. समोरच्याने बर्लिन बचाव घेतला की चेहरा नवस फळल्यासारखा खुलतो. घोडे-उंट भराभर मारले जातात आणि वजीर मैदानात. पांढरा वजीर ई-४ वरून शह देतो, काळा ई-६ वर आडवा येतो; पांढरा डी-४ वर परततो, काळा डी-६ वर. पुन्हा तेच. चौदाव्या चालीला तीच स्थिती तिसऱ्यांदा! काका पंचांना बोलावतात, हात मिळवतात आणि तर्रीपोह्याच्या गाडीकडे निघतात.

“काऊन जी काका, डाव तर आता सुरू झाला होता!” असं कोणी म्हटलं की इतिहास बाहेर निघतो. “२००० साली लंडनले क्रामनिकनं याच बर्लिनवर कास्पारोव्हची गादी घेतली. त्याच्या आधी १९८४ ले कार्पोव्ह-कास्पारोव्हचे ४८ डाव झाले, त्यातले ४० बरोबरीत. त्याईले कोनी बोललं का?” बोलले होते. तो सामना शेवटी निकालाविनाच थांबवावा लागला. पण एवढं काका सांगत नाहीत.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. काकांनी पेढे वाटले, पण ते अंतिम सामन्यातल्या कोनेरू हम्पीविरुद्धच्या पहिल्या दोन बरोबऱ्यांचे, निकालाच्या आदल्या दिवशीच. टायब्रेकमध्ये निकाल लागला तेव्हा जरा हिरमुसलेच.

शेतीतही तेच. चुलतभावाने धुरा वीतभर कोरला, तर काकांनी अर्धी वीत परत घेऊन भांडण मिटवलं. काकू अजून बोलतात.

परवा मात्र घात झाला. चौथ्या फेरीत समोरचा पोरगा आलाच नाही. घड्याळ संपलं, पंचांनी काकांच्या नावापुढे ‘१’ लिहिला. काका टेबलापाशी घुटमळले. चष्मा पुसला. मग हळूच वाकून म्हणाले, “साहेब, अर्धा नाही चालत का जी?”