गोडेतेलाच्या डब्यातली वावटळ

निवृत्त माणसाने सुतारकाम शिकू नये, असं माझं ठाम मत आहे. हे मत बनायला मला आधी सुतारकाम शिकावं लागलं, एवढाच काय तो घोटाळा. फलटणमध्ये निवृत्त मास्तराला उद्योगांची ददात नाही. सकाळी राममंदिर आहे, संध्याकाळी कालव्याची कड आहे, आणि माउलींची पालखी यायची असली की तंबू कुठे आणि टँकर कुठे यावर पंधरा दिवस आधीपासून फुकट सल्ले देता येतात. मी हे सगळं सोडून परसातल्या शेडमध्ये करवत, सँडर आणि राउटर मांडून बसलो. राजवाड्यातलं लाकूडकाम बघून स्फूर्ती आली, असं मी लोकांना सांगतो. आजवर एक पाट आणि नातीसाठी एक स्टूल तयार झालंय. पाट डुगडुगतो. स्टुलावर बसायला नातीला मनाई आहे.

भुशाचं म्हणाल तर मात्र माझं उत्पादन एखाद्या वखारीच्या तोडीचं आहे. तो गोळा करायला वेट अँड ड्राय व्हॅक्यूम आणला. पण सँडरमधून निघणारं सागाचं पीठ मशीनच्या कागदी फिल्टरवर लेपासारखं बसतं. मग मशीन नुसतं किंचाळतं, ओढत काहीच नाही. फिल्टर काढायचा, भिंतीवर आपटायचा, परत बसवायचा. ती भिंत नेमकी कपडे वाळत घालायच्या दोरीजवळची, त्यामुळे घरात विषय निघाला आणि मुलाने पुण्याहून फोनवर उपाय सांगितला: "बाबा, मधे सायक्लोन बसवा."

मला सांगतोय! जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस मी. तत्त्व अगदी सोपं आहे. करवत आणि मशीन यांच्या मधे एक शंकू उभा करायचा, रुंद तोंड वर, निमुळतं खाली. भुशाची हवा वरच्या अंगाला भिंतीलगत आडवी आत शिरते आणि गरगर फिरत खाली उतरते. जड कण बाहेर फेकले जातात, भिंतीला घासून वेग गमावतात आणि घसरत खालच्या डब्यात पडतात. उरलेली हवा शंकूच्या मधोमध तशीच फिरत वर चढते आणि वरच्या नळीतून मशीनकडे जाते. आत फिरणारं चाक नाही, जाळी नाही, बदलायला काही नाही. चैत्र-वैशाखात मैदानावर पाचोळा फिरवते ती वावटळ, फक्त कामाला लावलेली.

युक्ती जुनी आहे. अमेरिकेत जॉन फिंच यांनी तिचं पेटंट घेतलं ते 1885 साली. आपल्याकडच्या डाळमिलच्या छपरावर पत्र्याचा उलटा शंकू दिसतो, तो हाच. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर धूळ साठणारी वाटी असते, तिच्यातही हवा अशीच फिरते. आणि आमच्या फलटणमध्ये तर यावर संशोधन झालेलं आहे. निंबकर कृषी संशोधन संस्था म्हणजे 'नारी', 1968 सालची. लोकांना ती माहीत असते जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढीमुळे. पण तिथे अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटावर आणि चिपाडावर चालणारा गॅसिफायर उभा केला. पाचट म्हणजे शेतकरी काडी लावून मोकळा होतो ती वस्तू. त्यातून निघणारा गॅस जळायला चांगला, पण कोळशाच्या भुकटीने भरलेला. तो पाण्याने धुवावा तर घाण पाण्याचा प्रश्न. म्हणून त्यांनी सगळी सफाई कोरडी ठेवली: आधी जाड भुकटी खाली बसवायची, मग उरलेली सायक्लोनने काढायची. 1997 मध्ये त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. गावाची एवढी पुण्याई पाठीशी असताना मला फक्त भुसा वेगळा करायचा होता.

विकतचा सायक्लोन मागवता आला असता. पण मी जेम्स डायसनची गोष्ट वाचली होती. लाकूडगिरणीतला सायक्लोन बघून त्याने घरच्या व्हॅक्यूमची पिशवी काढून टाकली आणि पुठ्ठा आणि चिकटपट्टीचा शंकू लावला. त्यानंतर मनासारखं यंत्र होईपर्यंत त्याने 5,127 नमुने केले. माझ्या डोक्यात पुठ्ठा आणि चिकटपट्टी तेवढी राहिली.

शेतीच्या दुकानातून मोठं नरसाळं आणलं. खाली गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा. सांध्यांना सढळ हाताने एम-सील. मशीन चालू केलं आणि खरंच, भुसा डब्यात पडताना ऐकू येऊ लागला. मी हिला हाक मारली. ती हात पुसत दारात उभी राहिली. शेजारचा माझा माजी विद्यार्थी कुंपणावरून डोकावला. प्रेक्षक जमल्यावर मास्तरला चेव येतो. मी रंध्याचे लांबलचक काप पाइपच्या तोंडाशी लोटले. ते पाइपात अडकले. मशीनचा आवाज चढला आणि पुढच्या क्षणी फटाक्यासारखा बार होऊन डबा चारी बाजूंनी आत गेला. नरसाळं वाकडं होऊन माझ्याकडे बघत होतं.

आता हे नीट समजून घ्या, कारण मला ते आधीपासून समजलेलं होतं. पाइप मोकळा असतो तोवर हवा वाहत राहते आणि डब्यावर फारसा ताण येत नाही. पाइप तुंबला की मशीनची सगळी ओढ डब्यावर येते. माझ्या मशीनची ओढ साधारण 18 किलोपास्कल. डब्याची एक बाजू 23 सेंटिमीटर रुंद, 35 सेंटिमीटर उंच. गुणाकार केला की बाहेरच्या हवेचा जास्तीचा भार एकेका बाजूवर जवळपास दीडशे किलो येतो, म्हणजे साखरेची तीन पोती. सपाट पातळ पत्रा तेवढं कशाला सोसेल? हा गुणाकार मी मुलांकडून फळ्यावर करून घ्यायचो. थोडं पाणी घालून डबा उकळायचा, वाफ भरली की झाकण घट्ट लावायचं, वरून गार पाणी ओतायचं. डबा चेपला की विचारायचं, "कुणी चेपला?" वर्ग ओरडायचा, "हवेनं!" माझा हा प्रयोग शाळेत गाजलेला होता. आदल्या दिवशीच डब्याची मागणी घरी नोंदवायची असल्याने हिलाही तो पाठ.

"अहो, हा तर तुमचा शाळेतला प्रयोग," ही म्हणाली.

"सर," कुंपणावरून आवाज आला, "ह्या वेळी पाणी न उकळता जमवलंत!"

मग मी पत्र्याच्या कोठ्या करणाऱ्या चाचांकडे गेलो. जाताना शंकूचा उलगडलेला आराखडा कागदावर कापून नेला होता, आकडेमोडीसकट. चाचांनी कागद गोल वळवून बघितला आणि म्हणाले, "मास्तर, त्वांड कमी पडतंय की वो." मी सूत्र म्हणून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं. कमी पडतच होतं. कोन काढताना मी शंकूची तिरकी उंची घेतली होती आणि कंपास उघडला होता सरळ उंचीएवढा. शिवणीसाठी पत्रा सोडायचा असतो, ही बाब तर कुठल्याच सूत्रात नव्हती. चाचांनी खिळा ठोकला, सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला खडू. एक कमान ओढली. दुसऱ्या सुतळीने तोंडाचा घेर मोजला, तीच सुतळी कमानीवर पसरली, शेवटाला खूण केली आणि पुढे दोन बोटं सोडून कात्री चालवली. पत्रा नळकांड्यावर हळूहळू वळवत नेला, कडा एकमेकीत अडकवून लाकडी हातोड्याने शिवण बसवली. माझा चहा संपायच्या आत शंकू तयार. "आन् डबा चौकोनी कशाला घेतला हुता?" त्यांनी विचारलं. "कोठी गोल का असती मग?" त्यावर माझ्याकडे सूत्र होतं, पण मी ते म्हणून दाखवलं नाही.

खाली आता जाड प्लॅस्टिकचा निळा गोल ड्रम आला. ड्रम चेपला नाही. त्यात भुसाही पडला नाही. सगळा भुसा सायक्लोनला वळसा घालून पूर्वीसारखा फिल्टरवर. झाकण जरा सैल होतं, तेवढ्याने हे झालं. ड्रमच्या आत बाहेरपेक्षा दाब कमी असतो, म्हणून फटीतून बाहेरची हवा आत घुसते आणि शंकूच्या खालच्या तोंडातून वर चढते. खाली पडू बघणारा भुसा तिच्यासोबत परत वर. सायकलची जुनी ट्यूब कापून झाकणाखाली बसवली आणि ड्रम भरू लागला. प्लॅस्टिकच्या पाइपवर कोरड्या भुशाने वीज साठते आणि हात लावताच चटका बसतो, हा शोधही याच काळातला. तो हिने लावला.

फिल्टर उघडून बघावा तर स्वच्छ. इथे माझ्या अंगात डायसन शिरला. फिल्टरवर काही येतच नसेल तर फिल्टर हवा कशाला? काढून टाकला. ओढ वाढली, आवाज सुधारला. मी खुशीत सागाच्या फळीवर सँडर फिरवत बसलो.

दिवस उन्हाळ्याचे. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून हिने अंगणात प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घातल्या होत्या, अजून ओल्या. मशीनचं मागचं तोंड नेमकं अंगणाकडे. सायक्लोन जाड भुसा पकडतो, पण पाच-दहा मायक्रॉनच्या खालचं पीठ बरंचसं त्याच्या हातून निसटतं. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, यावरून त्या पिठाचा अंदाज करा. हवेत ते दिसतही नाही. चिकावर मात्र दिसतं. दुपारपर्यंत अख्ख्या वाळवणाला सागवानी झाक आली होती. ही काही बोलली नाही. तिने त्यातली एक तळली आणि ताटलीत घालून माझ्यापुढे ठेवली. फुलली छान होती. चव नव्या कपाटाची.

यातला हसण्याचा भाग इथे संपतो. लाकडाची बारीक धूळ 1995 सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेली आहे, आणि जे पीठ कुरडयांवर बसलं ते फिल्टर नसताना माझ्या नाकातही जात होतं. तेव्हा ज्यांना हा उद्योग करायचाच आहे त्यांनी ड्रम गोल आणि जाड घ्यावा, झाकणाखाली रबर लावावं, शंकू कोठीवाल्याकडून करून घ्यावा आणि त्याला सूत्र सांगू नये. मशीनमधला फिल्टर काढू नये, सँडर चालवताना एन-95 मास्क लावावा. आणि अंगणात वाळवण असेल त्या दिवशी शेडला कुलूप घालून किल्ली बायकोकडे द्यावी.